सबटायटल पिवळंच हवं

आधी एक मिटवून टाकू:
सबटायटल पिवळंच हवं.
पांढरं बर्फात हरवतं
आणि जपानी लोकांना बर्फ फार.

दुसरं. गेममध्ये पाण्याखालचा टप्पा टाकणाऱ्याने
पूर पाहिलेला नसतो.
कोपऱ्यात निळी पट्टी देतात, श्वास किती उरला त्याची.
आमच्याकडे पट्टी नाही, दुतोंड्या मारुती आहे.
गुडघ्याला पाणी, कमरेला, गळ्याला,
तोवर सराफ बाजार सगळं माडीवर नेऊन ठेवतो.
एवढं साधं डिझाइन कुणाला सुचत नाही.

माझं शिक्षण नाशिकरोडला,
बिटको चौकामागे खैरनारच्या पार्लरमध्ये.
तासाला दहा रुपये, तीन टीव्ही,
त्यातल्या एकाचा हिरवा रंग मेलेला.
मुलीला तोच मिळायचा.
'राखेचा किल्ला' मी अख्खा जांभळा खेळले,
जांभळं गवत, जांभळे साप.
परवा खऱ्या रंगात पाहिला
आणि कुणीतरी फसवल्यासारखं झालं.

शेवटचा खलनायक तीनदा मरून उठतो.
माझ्या मते दोनदा पुरे.
अंबडला आमच्या लाइनवर तोच रिजेक्ट पीस
तीन-तीनदा फिरून येतो,
त्याला कुणी मागून संगीत लावत नाही.

आईच्या मालिकांबद्दल मी बोलणार नव्हते.
एक थप्पड, तीन कोनांतून, मग साबण.
पण तीच म्हणाली, तुझा तो पोरगा
एक उडी मारायला दोन भाग घेतो, त्याचं काय?
ह्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे
आई पलंगावर, मालिका संपलेल्या,
मी 'बारा घंटा' लावली.
इंग्रजी अक्षरं भराभर पळतात, तिला पुरत नाहीत,
म्हणून डबिंग मी केलं, जागच्या जागी, चहा घेत.
जगातलं सगळ्यात चांगलं डबिंग. वाद नको.
तो डरकाळी फोडून काहीतरी क्षमेबद्दल बोलला,
मी म्हटलं, 'तुला सोडतच नसतो बघ!'
हीरोचं नाव आईला जमेना,
केसांवरून तिने त्याला केरसुणी ठेवलं.
घंटा ओतणारा म्हातारा झाला दगूनाना.
दगूनाना जेवला की नाही, हे ती दर भागात विचारायची,
आणि खरं सांगते,
ज्या भागांत काहीच घडत नाही, नुसते जेवतात,
ज्यांना आम्ही नावं ठेवतो,
ते तिच्यासोबत बघितल्यावर कळले.

एकोणिसावा भाग.
देवदाराला टेकून दगूनाना. बर्फ.
पांढऱ्यावर पांढरी अक्षरं.
वाचता आलं नाही, म्हणायला जागा होती.
पण आलं होतं.
'काय म्हणतोय?'
'म्हणतोय, जरा त्र्यंबकला जाऊन येतो.'
'एवढ्या थंडीत?'
'शाल आहे त्याच्याकडे.'

पप्पांच्या वेळी, हॉस्पिटलच्या जिन्यात,
डॉक्टरांचं इंग्रजी
मीच तिला मराठीत सांगितलं होतं.

एक सांगायचं राहिलं.
आई नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाली.
चौतीस वर्षं कोऱ्या नोटा तपासल्या.
शाईचा केसाएवढा फराटा, अर्धा पुसलेला आकडा,
चुकीची छपाई तिच्या हातून पुढे गेल्याचं
कुणी सांगत नाही.

तेव्हा ती काही बोलली नाही. उशी सरळ करून घेतली.

दुसऱ्या दिवशी, विसावा भाग.
केरसुणी एकटा टेकडीवर,
पुढ्यात दगड, दगडावर ती छोटी घंटा,
आणि रडतोय, नेहमीसारखा, दोन-तीन मिनिटं,
(हे जास्त होतं, दीड मिनिट पुरे)
मी गप्प. डबिंग करण्यासारखं काही नव्हतं.

आई पोह्यांतला शेंगदाणा चावत म्हणाली,
'ह्या केरसुणीला कुणी सांगितलं नाही का,
तो त्र्यंबकला गेलाय म्हणून?'