एक तास, काहीही न वाजवता

माळ्यावरच्या खोलीत चारी भिंतींना वाकळा टांगल्यात,
खिडकीच्या फटीत जुनं पातळ कोंबलंय,
तरी खालून सातेरीमामांचा माग येतोच वर,
खटाक्‌खट, सकाळी आठपासून वीज जाईपर्यंत.
वडगावात शांतता भाड्याने मिळत नाही.

म्हणून बंद पाठीचेच हेडफोन हवेत, उघड्या जाळीचे नकोत.
उघडे चांगले असतात, मला कळतं,
कानाला वारा लागतो, आवाज अंगणात बसल्यासारखा वाटतो,
पण त्यात इंदुमतीबाई चौगले गोष्ट वाचता वाचता
मामांच्या मागावर जाऊन बसतील.

जुना जोड तीन वर्षं वापरला.
दुसऱ्या तासाला कानाची पाळी दुखायची,
तिसऱ्याला चष्म्याची दांडी रुतायची,
चौथ्याला मी बाईंच्या श्वासावर चिडायची.
बिचाऱ्या बाई. सत्तरीच्या. निपाणीहून आवाज पाठवतात.
एका दमात वाक्य संपत नाही त्यांचं,
आणि मी इथे कात्री घेऊन,
श्वास काप, श्वास काप.
एकदा इतके कापले
की बाई माणूस वाटेनात.
मग रात्रभर ते परत जोडत बसले,
कानातल्या कुड्या काढून ठेवून.

खडेबाजारात दस्तगीरचं दुकान.
"बसा अक्का. एष्टु बजेट?"
"अडीच हजार. वर एक रुपया नाही."
त्यानं पहिला काढला, गाणं सोडलं:
धडाम्‌ धडाम्‌, डोक्यात सबंध बँजो पार्टी.
साकु, म्हटलं. हा सगळंच गोड करतो,
नासलेलं दूधही कुंदा म्हणून खपवेल.
मला नासलेलं ऐकू यायला हवं.

दुसरा हलका, पण गादी कानावर बसते, कानाभोवती नाही.
तिसरा सुंदर. सात हजार. परत खोक्यात.
चौथा काळा, रूप नाही, कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही,
पण वायर सुटी होते, गाद्या वेगळ्या विकत मिळतात.
बावीसशे पन्नास.

"काय लावू?"
"काही नको लावू.
मला हा घालून एक तास बसू दे."
दस्तगीर हसला. मग हसायचा थांबला,
स्टूल दिलं, चहा सांगितला.

एक तास. चष्मा, कुड्या, सगळं तसंच ठेवून,
घरी असते तशी.
समोर घासाघीस चाललेली,
कुणी कन्नडात सुरू करून मराठीत संपवतोय,
माझ्यापर्यंत फक्त ओठ, हात,
आणि काचेवर सरकवलेले सुटे पैसे.
कोण कुठल्या भाषेत नाही म्हणतंय, काही कळेना.
विसाव्या मिनिटाला कान तापले.
पस्तिसाव्याला टाळूवर कुणी बोट टेकवल्यासारखं झालं.
पट्टी एक खाच सैल केली. बोट उठलं.
पुढे घड्याळ बघायचंच राहिलं,
दस्तगीरनं काउंटरवर टकटक केली ती मला दिसली फक्त.

बावीसशेला दिला. चहाचे घेतले नाहीत.

कान तापतात, ते आहेच.
मामांकडून सुती कापडाचा उरलेला तुकडा आणला,
गाद्यांना दोन खोळी शिवल्या.
एक शिलाई वाकडी गेली, उजव्या कानाची.
धुवून दोरीवर वाळत घातल्या की
शेजारी विचारतात, कुणाच्या टोप्या एवढ्याशा?

काल रात्री वीज गेली, माग थांबला,
लॅपटॉपची बॅटरी अर्धी.
बाईंचं सातवं प्रकरण.
बाराव्या मिनिटाला, वाक्याच्या मागे, लांब,
त्यांच्या घरातली कुकरची शिट्टी.
जुन्या जोडात कधी ऐकू आली नव्हती.
काढायला हवी. खूण केली. पुसली.
पुन्हा केली.
अडीच वाजले होते. कान जागेवर होते,
म्हणजे कान आहेत याची आठवणच नव्हती.
पाण्यासाठी उठले,
आणि लॅपटॉपही माझ्यामागून उठला,
टेबलाच्या काठापर्यंत आला.