साठ दिवस

गंगावेशीत, दूधकट्ट्याच्या वर, पहिल्या मजल्यावर
आमची पतसंस्था. माझ्याकडे वसुली आणि कॉम्प्युटर.
सकाळी खिडकी उघडली की आधी धारांचा आवाज येतो,
मग म्हशींचा वास,
मग मॅनेजर कुंभोजकर.

विम्याचा दावा परत आला. लाल शेरा:
मृत्यू मुदतीनंतर.
मुदत जुलैअखेर. केरबा चौगले, चिखली, म्हशीचं कर्ज,
मयत सात सप्टेंबर.

हे कसं? मी स्वतः टाईप केलंय, दाखला समोर ठेवून,
०९/०७/२०१९.
कुंभोजकर म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही वो.
खरं आहे. खोटं बोलत नाही,
महिना आधी वाचतं फक्त.
नव्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नव्हतं
की तो कोल्हापुरात आलाय.

रकाना खालपर्यंत बघत गेले.
बारा तारखेपर्यंतची सगळी माणसं
उलटी होऊन उजवीकडे गुमान उभी.
तेरापासून पुढची डाव्या कडेला चिकटलेली,
तारखा नव्हेत, नुसती अक्षरं.
तेरावा महिना आपल्याकडं निघतो अधूनमधून,
त्याच्याकडं कुठला?

मग बोटांवर मोजलं.
साठ दिवस.
मशीनच्या हिशोबात केरबा ऑगस्टात होता.
पंचगंगा चिखलीत शिरली त्या रात्री घरात होता,
दावी त्यानं कापली, म्हशी त्यानं हाकलल्या,
मालनबाईंना हात धरून बोटीत चढवलं.

इथल्याच खुर्चीत बसून त्यांनी मला सांगितलं होतं,
पदरानं टेबलाची काच पुसत पुसत:
दोन म्हशी निघाल्या.
रेडीचं दावं सुटंना.
एकटीच्यानं किती व्हतंय.

शाहूपुरीतनं इम्तियाज मुजावर आला.
प्रदेश: भारत. दिवस, महिना, वर्ष.
म्हणाला, ताई, आता नवं टाकाल ते सरळ बसंल.
पण जुन्याचं नुसतं रूप बदलून भागत नाय,
आतला आकडाच चुकलाय.
आत तारीख नसतीच वो. एकोणीसशे सालापासनं
मोजत आलेले दिवस असतात.
ह्या माणसाचे त्रेचाळीस हजार सातशे पंधरा झालेत.
साठ कमी करा.

साठ.
एंटरवर बोट ठेवून बसले.
खाली चरवीत धार पडत होती,
कुणीतरी ओरडत होतं, फेस नको, दूध घाल.
केरबा असाच उभा राहायचा तिथं,
हप्ता भरायला वर येताना हात धोतराला पुसत.

दाबलं.
माणूस पुरातनं बाहेर निघाला,
जुलैत गेला, आपल्या जागी.
रेडीचं दावं तसंच राहिलं.

दावा पुन्हा पाठवून मालनबाईंना फोन लावला.
म्हटलं, तारीख दुरुस्त झाली.
"कंची?"
सांगितली.
"तीच की," त्या म्हणाल्या,
"ती कवा चुकली हुती?"