कीस आणि पीठ

आधी भुसा दाखवा, म्हणतो मी गिऱ्हाइकाला,
करवत मग.
विजारीच्या दुमडीत, बुटाच्या नाडीत
थोडा अडकलेला असतोच.
कोबी किसल्यासारखा असेल तर साखळीला धार आहे.
पीठ असेल तर तुम्ही कापत नव्हता,
नुसते घासत होता,
आणि बीचचं लाकूड घासून घ्यायला राजी नसतं.

कोचेव्येच्या या रस्त्यावर माझी शेड शेवटची.
पुढे फरची झाडं, अस्वलं,
आणि चुनखडीत खचलेले खड्डे. त्यातल्या एकात
व्लादोचा ट्रॅक्टर विंचसकट जाऊन बसला.
दोराच्या तारा हातमोज्याला टोचू लागल्या होत्या.
मी म्हटलं, बदल.
तो म्हणाला, अजून बाकीच्या आहेत की.

इग्नात्स तसा नाही.
पेट्रोलात तेल मोजून घालतो, पन्नासाला एक, डोळा मिटून.
हवेची जाळी साबणाने धुतो,
पट्टीच्या खोबणीतली काळी चिकटी काडीने काढतो,
नवी साखळी चढवताना पट्टी उलटी करतो
म्हणजे एकच कड झिजू नये.
तरी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतो.
कॉफीसाठी, असं मी समजत होतो.

त्या हिवाळ्यात पाऊस पडता पडता गोठला,
फांदीफांदीला काच चढली,
रात्रभर रानात बंदुका सुटल्यासारखी झाडं मोडली.
मार्चपर्यंत सगळा गाव वाकलेल्या, ताणलेल्या खोडांशी झुंजत होता.
तेव्हाच एकदा इग्नात्सची साखळी मी बोटांतून फिरवली.
डावीकडचे दात बुटके,
उजवीकडचे उंच.
अशी करवत ओंडक्यात सरळ जात नाही,
कुणी हाक मारल्यासारखी उजवीकडे वळते.

मी विचारलं नाही.
त्याने कप दोन्ही तळव्यांत धरला,
बोटं मेणासारखी पांढरी,
आणि गरम आहे की नाही ते ओठांना विचारलं.

तेव्हापासून तो कॉफी पितो,
मी आत शेगड्यात साखळी आवळतो,
उंच दात एकेक करून खाली आणतो.
कानस पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची.
बिलावर लिहितो: स्पार्क प्लग साफ केला.

मग नेझा आली, त्याची मुलगी,
बाप मागे दाराशी.
करवत हवी होती. मी सर्वांत मोठी काढली,
दुकानदाराचा हात तिकडेच जातो.
तिने आकडा वाचला नाही.
हात लांब करून धरली, तीसपर्यंत मोजलं,
खाली ठेवली. मधली उचलली.
ब्रेक मनगटाने ढकलून पाहिला,
मूठ हलवून आतल्या स्प्रिंगा पाहिल्या
आणि म्हणाली, "हिची थरथर कुठे जाते?"

सव्वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
कुठे जाते हे ज्याला माहीत होतं
तो दारातून ट्रॅक्टरकडे बघत होता.

तिने मधलीच घेतली. कानसही घेतली.
इग्नात्स तेव्हा पुढे आला.
"डावीकडे तीन तर उजवीकडे तीनच.
हातावर विश्वास ठेवू नकोस, मोज.
नाहीतर हा माणूस दर महिन्याला चोरून दात सारखे करेल
आणि प्लगचे पैसे लावेल.
प्लग मी घरीच साफ करतो."

मी बिलबुक चाळत राहिलो, उगाच.

जुनी इथेच राहू दे, म्हणाला.
मी टाकी रिकामी केली.
नळीत उरलेलं जळून जावं म्हणून
एकदा दोरी ओढली.
ती लगेच लागली. तिला कधी दोन ओढ्या लागल्याच नाहीत.
त्याने मुठीवर पंजा ठेवला.

"काही कळतंय का हाताला?"

"ऐकू येतंय," तो म्हणाला,
आणि ती आपोआप बंद पडेपर्यंत
आम्ही तिघं तसेच उभे.