प्रश्न सातवा, ब

परळच्या इस्पितळात, मानसोपचार ओपीडीच्या मागे
जुन्या क्ष-किरण फिल्म ठेवायचे त्या खोलीत
आमचं संशोधन चालतं.
मुंबई, सारायेव्हो, किगाली: प्रश्नावली एकच.
वीस प्रश्न, उत्तरं शून्य ते चार.
‘आघातोत्तर’ हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात काढला,
लोक विचारायचे, बाई, हे उत्तरकार्यापैकी काही का?

दिगंबर वायंगणकर, अग्निशमन दल, नोकरी एकवीस वर्षं.
प्रश्न सातवा: त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या गोष्टी
तुम्ही टाळता का?
“टाळायचंय काय त्यात. नाही टाळत.”
शून्य.
मी पान उलटलं तेव्हा ते सहज बोलून गेले,
सहा वर्षं झाली, आमच्यात कुकर नाही.
डाळ पातेल्यात शिजते. वेळ लागतो, लागू दे.
माझगावच्या त्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
धुरात स्वतःचा हात दिसत नव्हता,
कुणाच्या तरी घरात कुकर तेवढा
शिट्ट्या देत होता. मी मोजत होतो.
अकरावीनंतर थांबला.

शून्य तसाच राहिला. खोडायचा अधिकार मला नाही.

दुपारी दीड. सारायेव्होत सकाळचे नऊ,
सेनादाच्या मागे खिडकीत बर्फ.
म्हणाली, आमच्याकडचा एक जण समोरची टेकडी टाळत नाही म्हणतो.
खिडकी मात्र त्याने विटांनी बुजवलीये.
किगालीहून क्लोदीन बराच वेळ गप्प.
मला वाटलं, लाइन गेली.
मग म्हणाली, आम्ही ‘टाळता का’ विचारणं सोडलं.
आम्ही विचारतो, घरात आता काय नाही?

नीतिसमित्यांना पत्रं, पाच महिने,
आणि सातव्याला एक ब फुटला,
खोलीला मागाहून पोटमाळा काढावा तसा.

वायंगणकर पुन्हा आले. या वेळी कुमुदिनीताईही आत बसल्या.
घरात आता काय नाही?
ते पंख्याकडे बघत राहिले.
उत्तर ताईंनी दिलं: “शिट्टी.”
हे मला ठाऊक होतं. मी लिहायला घेतलं.
“कुकरची नव्हे हो. यांची.
दोन बोटं तोंडात घालून, ड्युटीवरून येताना, कोपऱ्यावरनंच.
ती ऐकून मी चहा टाकायचे.”

भाषांतर सारायेव्होला गेलं.
सेनादाने समासात विचारलं, कुठली शिट्टी?
आमच्याकडे भांड्याला शब्द वेगळा, माणसाला वेगळा.
एक निवडावा लागेल.

मी लिहिलं, मराठीत एकच आहे.
मग ते खोडलं.
लिहिलं, दोन्ही.