एकोणिसावा

उणे एकतीस.
उलानबातरच्या उत्तर टोकाला, जिथे डांबर संपतं
आणि लाकडी कुंपणांच्या आत गोल तंबू सुरू होतात,
तिथे एका लोखंडी कंटेनरात माझं गॅरेज.
पहाटेच दाराशी गोनचिगची गाडी:
एकोणीस वर्षांची, अर्धी पेट्रोलची, अर्धी विजेची,
आणि आज, तो म्हणतो, कुणाचीच नाही.
"दुलाम, लाल त्रिकोण पेटलाय."

मी बटण दाबलं. गाडी आधी जपानीत बोलली.
रोज तेच बोलते, बाईचा आवाज, फार अदबीचा.
बोटीतून उतरल्यापासून अकरा वर्षं
गोनचिग तिला "हो, हो" म्हणत आलाय.
त्याची समजूत, ती प्रवास सुखाचा होवो म्हणते.
मी एकाकडून अर्थ विचारून घेतला होता:
टोलचं कार्ड घातलेलं नाही.
त्याला अजून सांगितलेलं नाही.

तक्रारी त्याच्याकडे खिसाभर.
ब्रेकला पाय लागण्याआधीच खाली काहीतरी घुर्र करतं.
सकाळी इंजिन हुडहुडी भरल्यासारखं थरथरतं.
डिकीतली छोटी बॅटरी दोन दिवसांत मान टाकते.
आणि चार्जची निळी पट्टी
चढावर भरभर उतरते, उतारावर भरभर चढते,
"माझ्या मेहुण्याच्या वचनांसारखी."

मागची सीट उचलली.
बॅटरीच्या पंख्याच्या तोंडात केस.
मूठभर नाही, टोपीभर.
पांढरे, काळे, लेंड्यांचा वास असलेले.
"करडं बसवली होतीस?"
"सात. मार्चच्या वादळात. हीटर लावून आणली."
मग जरा थांबून, "पाच जगली."
गुदमरलेल्या बॅटरीपुढे पाच हा आकडा
कसा मांडायचा, मला माहीत नाही.
मी ब्रश घेतला.

गाडी बंद. रबरी हातमोजे. सुरक्षेचा प्लग उपटायचा
आणि नारिंगी वायरींना हात लावण्याआधी दहा मिनिटं थांबायचं.
आत साठलेली वीज रागासारखी,
कारण गेलं तरी लगेच उतरत नाही.
तेवढ्यात आम्ही मीठ घातलेला दुधाचा चहा प्यायलो.

झाकणाखाली अठ्ठावीस सपाट पेट्या,
खांद्याला खांदा लावून,
तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज.
मीटर टेकवत गेले:
सात पूर्णांक आठ. सात पूर्णांक आठ. सात पूर्णांक सात.
एकोणिसाव्यावर साडेसहा.
पोट फुगलेलं.
ओळीतला एक बसला की सत्तावीस जण त्याला ओढतात,
आणि संगणक सगळ्यांनाच कामावरून काढतो.

"नवी बॅटरी?"
"तुझ्या गाडीहून महाग."
"मग?"
मी मागच्या अंगणाकडे बोट केलं:
बर्फात, नाक चेपलेली, त्याच सालातली एक.
तिच्यातली त्यातल्या त्यात धड पेटी काढली,
पट्ट्या घासल्या, नट आवळले.
"किती टिकेल?"
हिवाळाभर. नशीब असेल तर उन्हाळाही.
एक गेला की शेजारच्यांचे दिवस भरत येतात.
हे मी प्रत्येकाला सांगते. प्रत्येक जण मान हलवतो, पैसे मोजतो,
पुढच्या थंडीत परत येतो,
दुसराच आकडा घेऊन.

थरथर मात्र बॅटरीची नव्हे, गॅस्केटची.
त्याला म्हटलं, कूलंट कमी होतंय का बघत राहा.
तो बघणार नाही.

काढलेला एकोणिसावा त्याने मागून घेतला.
"साडेसहा आहेत ना अजून? दिवा लागेल."
"लागेल. फार तर तासभर."
"शेळ्या मोजायला तासभर पुष्कळ झाला."
मी वायरीचे दोन तुकडे जोडून दिले.

त्रिकोण विझला.
बाई बोलली.
"हो, हो," गोनचिग म्हणाला, आणि दार ओढून घेतलं.
खाली ब्रेकचा पंप घुर्र झाला.
आम्ही दोघांनीही
तो ऐकला नाही असं केलं.