नऊच्या खाली

कार्पेथियनच्या पायथ्याशी आमचं गाव.
उणे दहाला शाळा बंद ठेवायचा कायदा होता,
उणे दहाला कारखान्यानं घराघरात वाफ सोडायची.
म्हणून उणे दहा कधी झालंच नाही.

आई हवामान कचेरीत. स्मारांदा द्रागोमिर, कनिष्ठ नोंदनीस.
पहाटे पाचला छतावर जायची,
पारा बघायची,
खाली येऊन टेलिफोनवर सांगायची: उणे नऊ.
सबंध जानेवारी उणे नऊ.
रेडिओवरची बाई त्यात ‘सौम्य’ एवढा शब्द
पदरचा घालायची.

एकदा राजधानीतून साहेब आले,
सोबत नवं थर्मामीटर.
नऊच्या खाली त्यावर रेघाच नव्हत्या,
नुसती काच, घासून गुळगुळीत.
“आता तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही,” म्हणाले.
भला माणूस होता. जाताना आईच्या हातावर
कागदात गुंडाळलेलं एक लिंबू ठेवून गेला.

आम्हीही शिकलो.
दात वाजले की लोक वळून बघत;
कुडकुडणं हे मत झालं होतं.
दौतीत शाई गोठायची
आणि बाई म्हणायच्या, यंदा शाईच वाईट आलीय.
दूधवाला नेकुलाई बसच्या थांब्यावर
बसल्या बसल्या गेला, किटल्या मांडीशी घट्ट.
दाखल्यावर लिहिलं: हृदय.
आता ते काही खोटं नव्हतं.
थांबलं होतं हृदयच.

सरकार गेलं. पुढे आईही गेली.
मागे तिची पाककृतींची वही:
ईस्टरचा गोड पाव, अक्रोड घालून.
एकच कृती, पानामागून पान, वर तारीख,
आणि दर वेळी मीठ तेवढं वेगळं.
अकरा चमचे. सतरा. एकोणीस.
चौदा जानेवारीला तेवीस.
मला वाटलं, चळली होती की काय.
वही मिटली, भांडी घासायला घेतली,
आणि हात साबणातच राहिले.
चौदा जानेवारी. नेकुलाई.

शेजारचा सेवेरिन परवा जिन्यात भेटला.
“काही म्हण,” म्हणाला, “तेव्हाचे हिवाळे बरे होते.
एवढी थंडी कुठे असायची?”
मी म्हटलं, रविवारी ये चहाला.

पीठ मळलं, अक्रोड फोडले,
वहीत होतं तस्संच केलं,
चमचे मोठ्यानं मोजत.
पाव फुगला नाही. फुगणार नव्हताच.

सेवेरिननं घास घेतला.
जबडा थांबला, डोळ्यांत पाणी आलं.
त्यानं दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे,
मग, का कोण जाणे, बंद रेडिओकडे,
आणि गिळला.

“छान झालाय,” म्हणाला.
जरा वेळानं, अगदी हळू आवाजात,
पाणी मागितलं.