दुसरं हेल्मेट

मी पायलट.
विमानाचा नव्हे, म्हापशाच्या बसस्टँडवरचा,
पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलीचा.
शाळा माझी मराठी, प्रार्थना कोंकणी,
बापाच्या शिव्या तेवढ्या पोर्तुगीज.
नाव कुस्तोद. म्हणजे राखणदार, असं पाद्री म्हणतात.
मी आजवर काही राखलेलं नाही,
एक जादा हेल्मेट सोडलं तर.

ते रोज पुसतो.
आतल्या स्पंजला परक्या केसांचे वास,
खोबरेल, बाम, कालचा अबोलीचा वळेसर नेसलेली कुणी,
ताप आलेल्या पोराचा घाम.
कोण बसेल ते ठाऊक नसतं,
म्हणून पट्टा सैल ठेवायचा.
माप घ्यायचं ते डोकं आल्यावर.

उपासाच्या दिवसांत पाद्री आविलिनोंनी
आम्हा सगळ्यांना एकेक कागद दिला.
सात मुद्दे.
कशाच्या भरवशावर जगतोस, असं कोणी विचारलं
तर तोंड उघडता आलं पाहिजे, म्हणाले.
मी पाठ केला. पेट्रोलच्या रांगेत, सिग्नलला,
कळंगुटच्या वाटेवर हेल्मेटच्या आत पुटपुटत,
सात महिने.
लोकांनी विचारलं, शिवोलीला किती घेणार?
सुट्टे आहेत का?
एकानं विचारलं, फेणी कुठली चांगली.
ते मला कागदाशिवाय सांगता आलं असतं.

मग गोपिका गांवस. डिचोलीच्या अंगणवाडीतली बाई.
नवरा पेड्याच्या इस्पितळात, नाकात नळी.
रोज सहाला बसमधून उतरायची, डबा पोटाशी धरून.
रोज मी फाटकाबाहेर थांबायचो
आणि शेवटच्या बसला तिला परत आणायचो.
थांबण्याचे पैसे धरले नाहीत.
खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी विसरलो,
दुसऱ्या दिवशी मागायची लाज वाटली,
तिसऱ्या दिवसापासून ठरवलं.

नवव्या रात्री ती आली, डबा तसाच भरलेला.
हेल्मेट हातात घेऊन म्हणाली,
"तुम्ही का थांबता हो?"

आला. प्रश्न आला.
खिशातून कागद काढला, घाईत उलटा धरला
आणि मोठ्यानं वाचून टाकलं:
"शुक्रवार. पेट्रोल दोनशे. मागच्या चाकात हवा.
लिरोफिनला मिरसांग अर्धा किलो."

ती हसली. नऊ दिवसांचं साचलेलं,
डोळ्यांतून पाणी येईतो हसली.
वॉचमननं वळून पाहिलं.

मला मग सातांतला एकही मुद्दा सापडेना.
जे सापडलं ते असं
की मी पीत होतो.
की पर्र्याच्या रस्त्यावर एका रात्री
गटारात पालथा होतो, गाडी अंगावर.
मिठागरातला कुणी माणूस घरी चालला होता,
त्यानं गाडी उचलली, मला बसतं केलं
आणि उजाडेपर्यंत शेजारी बसून राहिला.
नाव विचारलं नाही. उपदेश केला नाही.
एकदा फक्त म्हणाला, डास फार आहेत.
तेव्हापासून इगर्जीत क्रुसाकडे पाहिलं
की मला वाटतं, ह्याला खाली उतरून
निघून जाता आलं असतं.
थांबला.
"म्हणून," मी म्हटलं. "येशू थांबला म्हणून."
नाव घेताना आवाज
खोकल्याएवढा झाला होता.

ती काही बोलली नाही बराच वेळ.
मग म्हणाली, "मी शांतादुर्गेला नवस बोललेय."
मी म्हटलं, "बरं केलंत."
हे कागदात नव्हतं.
पाद्रींना सांगायचंय, अजून धीर होत नाही.

हेल्मेट तिनं स्वतःच चढवलं.
पट्टा ओढताना म्हणाली,
"उद्या जरा लवकर याल? साडेपाचला?
डॉक्टर भेटणार आहेत."

बसचे लाल दिवे अस्नोड्याकडे वळले.
मी स्पंज पुसला, पट्टा सैल केला.
कागदाच्या मागे, मिरसांगेच्या खाली,
लिहिलं: साडेपाच.